कागदाला ऊन दाखवू नका

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी एखाद्या विदुषीला बोलवावयाचे आणि तिचे चार शब्द ऐकावयाचे, अशी आपली पद्धत. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी म्हटले, "बाई, मी जन्मभर शाळेत गणित शिकवले, मला भाषण कुठले येते?" त्या म्हणाल्या, "ओल्या वह्यांचे काय झाले तेवढे सांगा. पुष्कळ होईल." तेव्हा मी तेच सांगणार आहे. सांगता सांगता थोडी इकडची तिकडची माहिती येईल, आणि शेवटी तुमच्याजवळ एक मागणे मागेन.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी घरोघर महालक्ष्म्यांचे जेवण झालेले. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील करून दमलेल्या बायका रात्री उशिरा कुठे पाठ टेकतात न टेकतात, तो पाऊस सुरू झाला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरीचा तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले, आणि उजाडण्यापूर्वीच आपल्या वस्तीतल्या तळमजल्यांत पाणी शिरले. कोणाचे फ्रीज गेले, कोणाच्या गाद्या गेल्या, कोणाची वर्षाची डाळ गेली. महालक्ष्म्यांचे मुखवटे डोक्यावर घेऊन जिने चढलेल्या बायका या सभेत बसलेल्या आहेत.

दुपारी पाणी ओसरले तेव्हा आम्ही चौघी-पाचजणी मंडळाच्या खोलीवर गेलो. शिलाईची यंत्रे चिखलात. सतरंज्या चिखलात. आणि भिंतीकडच्या लोखंडी आलमारीचा खालचा खण उघडला, तर त्यात मंडळाच्या जुन्या वह्या पाण्यात फुगून बसलेल्या. सभांची इतिवृत्ते, वर्गणीचे हिशेब, भिशीची नोंद, हळदीकुंकवाच्या याद्या. एकूण अकरा वह्या. त्यात मंडळाच्या पहिल्या वर्षाची वही होती.

मी लगेच हुकूम सोडला. मास्तरीणच ना मी! म्हटले, "गच्चीवर सतरंजी घाला, वह्या उघडून उन्हात ठेवा. पाने एकमेकींना चिकटली असतील तर सोडवा." भर चिखलात दोघीजणी वह्या उचलून निघाल्यासुद्धा. तेवढ्यात माझी नात जिन्यात आडवी आली. म्हणाली, "आजी, कागदाला ऊन दाखवू नका! आणि पाने तर मुळीच सोडवू नका!"

मला जरा राग आला, खोटे कशाला सांगू? आपल्याला लहानपणापासून माहीत, की भाद्रपदात गोधड्यांना, पापडांना, पुस्तकांना ऊन द्यावे. पण पोर ठाम होती. तिने मला जिन्यातच समजावले. भिजलेला कागद म्हणजे लगदाच असतो. पान ओढले की फाटते. कडक उन्हात वरची बाजू आधी सुकते, आतली ओली राहते, त्यामुळे कागद आखडतो, वाकतो आणि शाईचा रंग उडतो. बरे, तसेच ठेवावे तर दोन दिवसांत बुरशी धरते. मग करावयाचे काय? ती म्हणाली, "जास्त भिजलेल्या वह्या न उघडता गोठवून टाकू."

वही गोठवावयाची! आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिले. पण तिने करून दाखवले. पूर्ण भिजलेल्या चार वह्या तिने तशाच मिटलेल्या, एकेक पातळ स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातल्या, आणि ज्या भागात वीज होती तिथल्या एका भगिनीच्या घरी, आइस्क्रीमच्या धंद्यासाठी घेतलेल्या मोठ्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवल्या. गोठल्या की बुरशीची वाढ थांबते आणि आपल्याला सवड मिळते. नुसत्या ओलसर झालेल्या सात वह्या त्याच घरी पंख्याच्या वाऱ्यात उभ्या केल्या आणि दर दहा-बारा पानांमध्ये न छापलेला कोरा टिपकागद घातला. तो ओला झाला की काढावयाचा, कोरडा घालावयाचा. छापील वर्तमानपत्र चालत नाही, कारण त्याची शाई लागते. आठ दिवस आम्ही पाळीपाळीने हेच केले. गोठवलेल्या वह्या दिवाळीनंतर एकेक करून बाहेर काढल्या आणि तशाच धीराने सुकवल्या.

आता तुम्ही विचाराल, एवढे शहाणपण त्या मुलीला आले कुठून? तर ते आले विद्यापीठाच्या ग्रंथालयातून. ती ग्रंथालयशास्त्र शिकत होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिने सहा आठवडे जुन्या हस्तलिखितांच्या विभागात इंटर्नशिप केली होती. आमच्या काळी याला उमेदवारी म्हणत. शिंप्याकडे, सोनाराकडे मुलगे उमेदवारी करीत, ते काम शिकण्यासाठी. हल्ली तशी उमेदवारी कॉलेजातल्या मुलामुलींनाही करावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमातच ती धरली आहे. चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तासांचे प्रत्यक्ष काम. कोणी ते कारखान्यात करतात, कोणी बँकेत, आणि कोणी ग्रंथालयात.

ती जाऊ लागली तेव्हा घरात कुरकुर झाली होती, तीही सांगते. भर मे महिना, कडक ऊन, आणि पोरगी दुपारी तोंडाला फडके बांधून पोथ्या झाडून घरी येते. तिची आई म्हणाली, "एवढे शिकवले ते झाडझूड करायला का?" मलाही मनातून तसेच वाटले. पहिले दोन आठवडे तिच्या हाती मऊ कुंचल्याशिवाय काही दिलेच नव्हते. पोथीचे एकेक पान मधून कडेकडे हलक्या हाताने झाडावयाचे, पाने मोजावयाची, क्रमांक जुळतात का पाहावयाचे आणि वहीत नोंद करावयाची. घरी आली की ती चिडून म्हणे, "स्कॅनरला अजून हातही लावू दिला नाही!"

पण पुढे तिच्या बोलण्यात फरक पडला. जेवताना ती आम्हाला पोथ्यांच्या गोष्टी सांगू लागली. तिच्याकडून ऐकलेल्या दोन-चार तुम्हालाही सांगते.

आपण 'हरताळ फासला' असे म्हणतो. कशाला फासतात हा हरताळ? हरताळ म्हणजे पिवळा खनिज रंग. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळ लावून ते झाकीत आणि वरून नवे लिहीत. आजही जुन्या पोथीत असे पिवळे ठिपके दिसतात. तो हरताळ सोमलाच्या जातीचा, म्हणजे विषारी. म्हणून पोथी हाताळल्यावर हात धुवावयाचे आणि बोटाला थुंकी लावून पान कधीही उलटावयाचे नाही. आपल्या आज्या पोथी वाचताना नेमके तेच करीत!

दुसरी गोष्ट शाईची. काजळाची शाई शेकडो वर्षे काळीभोर राहते. लोखंडाच्या क्षाराची शाई मात्र हळूहळू कागदच खाते, आणि अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. तिसरी गोष्ट कागदाची. हाताने केलेला जुना कागद दोनशे वर्षांनंतरही वाकतो, मोडत नाही. उलट लाकडाच्या लगद्याचा स्वस्त छापील कागद पन्नास वर्षांत पिवळा पडून पापडासारखा मोडतो. म्हणजे पणजोबांची पोथी टिकेल आणि आपल्या मंडळाची तिसऱ्या वर्षीची स्मरणिका टिकणार नाही. म्हणून नवी वस्तू आधी सांभाळावी लागते, हे मला तेव्हा नव्याने कळले.

आणि आपले नागपूरचे हवामान! उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की कागद तडकतो. पावसाळा लागला की तीच हवा ओलीचिंब, मग कसर आणि वाळवी. त्यातून आपण मे महिन्यात वाळ्याचा कूलर लावतो. माणसाला तो थंडावा सुखाचा, पण पुस्तकांच्या खोलीत तो सगळी ओल सोडतो. पोथीच्या आलमारीसमोर कूलर ठेवू नये ही साधी गोष्ट, पण मला पंचाहत्तरी उलटल्यावर नातीकडून शिकावी लागली.

भगिनींनो, आपले विद्यापीठ १९२३ सालचे. रामदासपेठेतल्या त्याच्या ग्रंथालयासमोरून आपण रिक्षाने कितीदा गेलो असू. पण तिथे हजारो हस्तलिखिते आहेत हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत होते? मला तरी नव्हते. या भागात पोथ्यांचे धन पुष्कळ आहे, हे पूर्वीच्या जाणत्यांनी ओळखले होते. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची केली, ती १९२६ साली नागपूरला छापली गेली. नुसती यादी! पण त्या यादीमुळे कारंजा येथील जैन भांडारांतल्या अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. पुढे अमरावतीचे प्रा. हिरालाल जैन यांनी त्यातले काही संपादून छापले. यादी नसती तर ते ग्रंथ कपड्यात बांधलेलेच राहते. महामहोपाध्याय मिराशींनी याच शहरात बसून ताम्रपट आणि शिलालेख वाचले. डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभावांच्या पोथ्यांवर आयुष्य वेचले आणि पुढे ते आपल्या विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

महानुभावांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ इकडे रिद्धपूरला म्हाइंभटांनी सिद्ध केला. पंथाची परंपरा अशी सांगते, की पुढे एका धाडीत त्याची मूळ प्रत नाहीशी झाली. मग ज्यांना ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्या आठवणीवरून ग्रंथ पुन्हा लिहून काढला गेला. त्यात हिराइसा या स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. तिने एकदा ऐकलेले तिच्या ध्यानात राहत असे. आज हिराइसेचा पाठ असा स्वतंत्र उल्लेख अभ्यासक करतात. कागद बुडाला आणि एका बाईच्या स्मरणातून ग्रंथ वर आला, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण तसेच काही थोड्या प्रमाणात आपल्याही मंडळात घडले. ते आता सांगते.

पहिल्या वर्षाची वही सुकल्यावर उघडली. दौतीच्या निळ्या शाईने लिहिलेले सगळे पसरून गेले होते. पाने फिकट निळी, ढग उतरल्यासारखी. अध्यक्षांचे उद्घाटनाचे भाषण गेले, ठराव गेले. राहिले काय? तर पेन्सिलीने लिहिलेला चहा-साखरेचा हिशेब! पेन्सिल पाण्याने जात नाही. शाईतला मोठेपणा वाहून गेला आणि चहापत्तीचा जमाखर्च जसाच्या तसा राहिला, याचे आम्हाला हसू आले.

पण पुढच्या पानावर हसू मावळले. ते पान संस्थापक सभासदांच्या यादीचे होते. डावीकडे लाल पेन्सिलीने घातलेले अनुक्रमांक एक ते सतरा स्पष्ट होते. पुढची नावे शाईत. नुसत्या डोळ्यांनी नऊ नावे वाचता आली.

इथे नातीचे दुसरे शिक्षण कामी आले. ग्रंथालयात उरलेले चार आठवडे तिने डिजिटायझेशन केले होते, म्हणजे पानांच्या छायाप्रती संगणकात उतरवण्याचे काम. तिथल्यासारखा वरून प्रत घेणारा मोठा स्कॅनर आमच्याकडे कुठला? तिने आपला फोन एका तिवईला बांधला, वही चपटी न दाबता दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धवट उघडी ठेवली आणि खिडकीच्या उजेडात एकेका पानाचे रंगीत छायाचित्र घेतले. मग संगणकावर त्यातला निळा रंग गडद करीत, बाकीचा हलका करीत बसली. आणि काय आश्चर्य! डोळ्यांना न दिसणारी आणखी दोन नावे पुसट पुसट वर आली. अकरा झाली.

बाकीच्या सहांसाठी आम्ही मंडळाच्या दोन सर्वांत वयस्क भगिनींकडे गेलो. एकीला आता ऐकू कमी येते, दुसरी अंथरुणावर आहे. यादीचे छायाचित्र मोठे करून त्यांच्यासमोर धरले. कोण कोणाच्या शेजारी राहत होती, कोण कोणाला घेऊन येत असे, असे आठवत आठवत त्यांनी चार नावे सांगितली. पानावरच्या उरल्यासुरल्या काना-मात्रांशी ती जुळली. पंधरा झाली.

दोन नावे मात्र गेली ती गेली. नववे आणि चौदावे.

या दोन नावांनी मला फार अस्वस्थ केले. त्याला कारण आहे, आणि ते माझ्या स्वतःच्या घरचे आहे. आजवर कोणाला सांगितले नव्हते.

१९८९ साली माझे सासरे वारले. त्यांच्या पेटीत मोडीतल्या कागदांचे एक बाड होते आणि त्यालाच बांधलेली माझ्या सासूबाईंची एक वही होती. सासूबाई आधीच गेलेल्या. मोडी वाचता येणारे घरात कोणी उरले नव्हते. वहीत ओव्या होत्या, बाळंतकाढ्याची औषधे होती, कोणत्या लेकीला कोणत्या सणाला काय पाठवले त्याचा हिशेब होता. रद्दीत देण्याचे पाप नको, म्हणून मी ते सगळे अस्थींबरोबर रामटेकला नेले आणि अंबाळा तलावात सोडले. जीर्ण पोथीचे विसर्जन करावे असे आपल्याकडे मानतात. मी भक्तीनेच केले. पण आज वाटते, सासूबाईंचे हस्ताक्षर या जगात फक्त त्या वहीत होते, आणि ते मी माझ्या हातांनी पाण्यात सोडले. त्या वहीची एखादी छायाप्रत असती तर? पण त्याहीपेक्षा, मला त्या वेळी थांबवणारे कोणी असते तर?

म्हणून ही मुलांची उमेदवारी मला महत्त्वाची वाटते. यंत्रे विकत मिळतात. थांबवणारे, 'आजी, असे करू नका' म्हणणारे माणूस मात्र तयार करावे लागते. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात नदीला पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तके चिखलात बुडाली. तेव्हा देशोदेशीचे विद्यार्थी धावून गेले आणि हातोहात पुस्तके वर काढीत राहिले. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणत. ग्रंथ वाचवण्याच्या आजच्या शास्त्रातल्या पुष्कळ गोष्टी त्या चिखलातून शिकलेल्या आहेत. आपल्या जिन्यात आडवी आलेली मुलगी त्याच जातीची, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

आता कोणी म्हणेल, सगळे स्कॅन करून टाकले की झाले, मग जुना कागद कशाला सांभाळावयाचा? मीही हेच विचारले होते. नातीने तीन उत्तरे दिली. एक, छायाप्रत ही प्रतच. कागद कोणता, शाई कोणती, पान कापलेले की फाटलेले, हे मूळ पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन, संगणकातली प्रतही मरते. यंत्र बिघडते, तबकडी खराब होते, दहा वर्षांनी ती उघडणारी यंत्रणाच बदलते. म्हणून मोठी मूळ प्रत आणि वाचण्यासाठी छोटी प्रत अशा वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात, त्याही निदान तीन ठिकाणी, आणि मधून मधून उघडून पाहाव्या लागतात. आणि तीन, नोंद नसलेले छायाचित्र म्हणजे लेबल नसलेली बरणी. हजार छायाचित्रे घेतली आणि त्यांना नावे दिली नाहीत, तर ती हरवल्यासारखीच. पोथीचे नाव काय, कोणी रचली, कोणी लिहून काढली, पाने किती, लिपी कोणती, सुरुवात आणि शेवट काय, हे लिहावे लागते. त्यासाठी वाचता यावे लागते. मोडी आली पाहिजे, महानुभावांच्या पोथ्यांसाठी त्यांची सांकेतिक सकळ लिपी उमगली पाहिजे. हे काम यंत्र एकटे करीत नाही.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी वाचणाऱ्याला विनवीत असत, की तेलापासून व पाण्यापासून तिला जपा, बांधणी सैल ठेवू नका. आपण त्यात एवढीच भर घालू, की नाव लिहून ठेवा.

मुलांच्या बाजूनेही एक शब्द बोलते, नाही तर माझे बोलणे एकतर्फी होईल. उमेदवार म्हणजे फुकटचा गडी नव्हे. सहा आठवडे नुसते धुळीत बसवून कागदावर शिक्का मारून द्यावयाचा, हे शिक्षण नव्हे. जुन्या पोथ्यांना पूर्वी कीटकनाशके लावलेली असतात, म्हणून तोंडाला मुखपट्टी आणि हात धुण्याची सोय हवी. शेजारी बसून शिकवणारे जाणते माणूस हवे. निदान जाण्यायेण्याचा खर्च मिळावा. आणि ज्या नोंदी मुलांनी केल्या त्यांवर त्यांचे नाव यावे. नोकऱ्यांचे म्हणाल तर या कामात त्या थोड्याच आहेत. पण २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, जतन आणि डिजिटायझेशन करण्याची 'ज्ञान भारतम्' योजना जाहीर झाली आहे. इकडे रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ निघाले आहे. तेव्हा हे हात लागणार आहेत. मुलगी 'ग्रंथालयात उमेदवारी करते' म्हणाली तर तिला हसू नका.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या बायकांचा.

ग्रंथालयात राजांचे कागद जातात, पंडितांच्या पोथ्या जातात. आपल्या वह्या कुठे जातात? जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. अशा बायकांची कामे लोकांसमोर यावीत म्हणून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींना त्या त्या स्त्रियांना भेटून, आठवणी टिपून, जुनी नियतकालिके धुंडाळून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध करावे लागले. ते १९८९ साली निघाले. साल लक्षात आले ना? ज्या वर्षी त्या दोघींचे पुस्तक निघाले त्याच वर्षी मी सासूबाईंची वही पाण्यात सोडत होते.

आपल्याच वहीतल्या त्या पेन्सिलीच्या हिशेबात एक ओळ आहे. "दूध, पलीकडच्या गोठ्यातल्या बाईंकडून. पैसे घेतले नाहीत." दर महिन्याला हीच ओळ, वर्षभर. लिहिणाऱ्या भगिनीने त्या बाईंचे नाव एकदाही लिहिले नाही. कदाचित त्या वेळी सगळ्यांना ते इतके माहीत होते, की लिहिण्याची गरज वाटली नसेल. नववे किंवा चौदावे नाव त्यांचे असेल का? आम्हाला सांगता येत नाही.

तेव्हा माझे मागणे असे. पेटी-आलमारीत जे जुने कागद असतील, पत्रे, हिशेब, पाककृती, ओव्यांची वही, शाळेची प्रगतिपुस्तके, मंडळाच्या सहलीची छायाचित्रे, ते रद्दीत देऊ नका आणि नदीतही सोडू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद तपकिरी करतो. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नका. धुतलेल्या सुती फडक्यात बांधा, जमिनीपासून वीतभर तरी उंच ठेवा आणि वर पेन्सिलीने लिहा, कोणाचे, केव्हाचे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी नात आणि तिच्या दोन मैत्रिणी मंडळाच्या खोलीत बसणार आहेत. कागद घेऊन या. तुमच्यासमोर छायाप्रत घेतील, नोंद करतील आणि मूळ कागद त्याच दिवशी तुमच्या हाती परत देतील. खाजगी पत्र दाखवावयाचे नसेल तर दाखवू नका, त्यात संकोच नको. मोडी वाचणारे कोणी तुमच्या घरी असतील, तर त्यांनाही घेऊन या. त्यांना खुर्ची आणि चहा मिळेल.

आणि या स्मरणिकेत आम्ही ती यादी छापली आहे. पंधरा नावे आहेत. नववी आणि चौदावी जागा मोकळी ठेवली आहे. आपल्या आईला, सासूला, आत्याला विचारा. पलीकडचा गोठा कोणाचा होता, हे कोणाला आठवत असेल तर त्याच शनिवारी येऊन सांगा. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो आहोत.